एकाहत्तर टक्के

माझं जे गाणं सध्या तुमच्या फोनवर, रिक्षात, वरातीत आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजतंय, ते बंद करा. विनंती करत नाहीये, सांगतोय. मी जनार्दन घाडी, डबलबारीचा बुवा. ते गाणं मीच गायलो, आणि आज ते ऐकून माना डोलावणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येतो. पहिला राग अर्थातच माझा स्वतःचा, पण तो मी घरी बसून करतो. इथे मला तुमच्याशी बोलायचंय.

ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तळकोकणात दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. दोघांची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, झांजवाले वेगळे, मागे ओढणारा कोरस वेगळा. एकानं बारी गायची, मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सुरुवात देवाच्या नावानं, रूपाच्या अभंगानं, आणि मग गजर. गजरात समोरच्या बुवाची धुलाई. त्याची स्कूटर, त्याचं टक्कल, त्याच्या बापाचा चिकटपणा, त्याच्या बायकोच्या हातची आमटी, काही म्हणजे काही सोडायचं नाही. मांडव हसून लोळतो. बारी संपली की दोघे बुवा एकाच किटलीतला चहा पितात.

मी आणि लवू पांचाळ एकतीस वर्षं एकमेकांची अशी सालं काढत आलो. लवू सुतार आहे. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचे खांब त्यानं स्वतः उभे केले, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या जावयाच्या नाकावर अख्खा गजर रचला. जावई अजून लवूचं नाव निघालं की नाक चोळतो.

हे जमायचं ते एका रीतीमुळे. आमच्या गुरूंनी घालून दिलेली. दोन बुवा पहिल्यांदा समोर बसण्याआधी एक विडा अर्धा अर्धा खातात आणि आपल्या आयुष्यातली एक गोष्ट एकमेकांना सांगतात. एवढी सोड, बाकी सगळं गा. तिला आम्ही 'राखलेलं' म्हणतो. राखलेलं कोणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही. इतकंच काय, ज्याचं आहे त्याच्यापाशीही पुन्हा कधी त्याचा उच्चार करायचा नाही. विड्याबरोबर ते गिळून टाकायचं.

लवूनं त्याचं राखलेलं मला गुरुजींच्या पडवीत सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ वासू त्याच्यामागे पखवाज वाजवायचा. एका बारीच्या दिवशी वासूला ताप होता. लवू म्हणाला, ढोंग करतोस. वासूनं उठून चार तास पखवाज वाजवला. चौथ्या दिवशी तो लेप्टोनं गेला. एकवीस वर्षांचा होता. लवू हे सांगत होता तेव्हा विड्याचा रस त्याच्या हनुवटीवर ओघळला होता आणि तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

मग मी माझं राखलेलं त्याला सांगितलं. ते काय होतं, ते इथे लिहिणार नाही.

चार वर्षांपूर्वी 'काटा' आला. मनगटावर बांधायची बोटभर रुंदीची पट्टी. ती कातडीवर बारीक उजेड टाकते, नाडी मोजते आणि उभे राहिलेले केस मोजते. कशाला, ते काटावाल्यांच्या ऋजुता आगाशे नावाच्या इंजिनियर बाईंनी मला जसं समजावलं तसंच सांगतो. गाणं ऐकताना आपला मेंदू पुढचा सूर कोणता येईल याचा सारखा अंदाज बांधत असतो. अंदाज दरवेळी बरोबर आला तर माणूस कंटाळतो, दरवेळी चुकला तर वैतागतो. पण चुकतोय चुकतोय असं वाटून जरा उशिरा, जरा वेगळ्या वाटेनं बरोबर आला, तर मेंदू खूश होऊन स्वतःलाच बक्षीस म्हणून एक रसायन सोडतो. त्या भरात अंगावर काटा येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आखडतो आणि केस उभा राहतो. हे ठरवून करता येत नाही, थोपवताही येत नाही. बोटानं दाबलेली पसंती खोटी असू शकते, पण अंगावरचा काटा खोटा नसतो, असं बाई म्हणाल्या.

"थंडीतय येता काटो," मी म्हटलं. "भुताक बघून पण येता."

"ते यंत्राला कळत नाही असं नाही, बुवा. पण गाणं चालू असताना आला, तर तो आम्ही गाण्याचा धरतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर झालं असं, की लाखो मनगटांवर पट्ट्या आल्या. कोणत्या गाण्याच्या कोणत्या सेकंदाला कोणाचा केस उभा राहिला, हे यंत्राला कळायला लागलं. मग तेवढा तुकडा उचलायचा आणि तशाच कातडीच्या दुसऱ्या माणसांकडे पाठवायचा. नवं गाणं शोधायचं काम आता लोकांचं अंगच करायला लागलं. समीक्षक नको, रेडिओ नको, 'आवडलं का' असं विचारायलाही नको. सुरुवातीला चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. किनाऱ्यावरच्या एका मासे विकणाऱ्या बाईच्या तीन ओळी ब्राझीलपर्यंत गेल्या. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग गाणाऱ्याच्या कानात घालायचं बोंडूक आलं. ऐकणाऱ्यांची अंगं आत्ता, या क्षणी काय मागतायत ते यंत्र गाणाऱ्याच्या कानात सांगणार. इथे थांबा, इथे चढा, हे पुन्हा घ्या. शिवाय ऐकणारे फोनवरून शब्द पाठवणार, विषय पाठवणार, आणि त्यातला कोणता सगळ्यात जोरात लागेल ते यंत्र निवडणार. ज्यांनी ऐकलं ते वर गेले. ज्यांनी कानात काही घालायला नकार दिला ते कोणाला सापडेनासेच झाले. देवळांच्या कमिट्याही बुवाचे काटे बघून सुपारी द्यायला लागल्या. पूर्वी हंगामात मला चाळीस बाऱ्या असायच्या. गेल्या साली तीन.

आगाशेबाई माझ्या घरी आल्या त्या अशा वेळी. आमची बारी त्यांना जगभर दाखवायची होती. माझ्या मनगटावर पट्टी बांधून त्या समोर बसल्या, मांडीवर पाटीएवढा पडदा.

"तुमची आणि लवूबुवांची जुनी रेकॉर्डिंग्ज यंत्रानं ऐकली. दोनशे अठरा बाऱ्या."

"मगे? हसला काय यंत्र?"

"एक गंमत सापडली. लवूबुवांच्या घरातल्या प्रत्येकाची तुम्ही थट्टा केली आहे. आई, वडील, बायको, मुलं, कुत्रासुद्धा. भावाची एकदाही नाही. त्यांना भाऊ होता ना?"

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. माझी नाडी बहात्तरवरून एकशे चारवर गेली होती.

"बघा," त्या म्हणाल्या. आनंद झाला होता त्यांना. "आणि लवूबुवांनीही तुमच्या बाबतीत असंच एक सोडलंय."

एकतीस वर्षं मी ज्या गोष्टीला हात लावला नाही, ती न लावल्यामुळेच उघडी पडली होती. एखाद्या गजरात मी वासूला सहज खोटंनाटं चिमटा काढला असता, तर यंत्राला काही सापडलं नसतं. आम्ही इतकं नीट राखलं, की राखलेल्या जागेचा आकारच उमटला.

"ता मी गाणार नाय," मी बाईंना बजावलं. "बाकी कायव गायन."

"आम्ही कुठे काय सांगतोय? लोक मागतात, यंत्र सुचवतं. नको वाटलं तर बोंडूक काढून ठेवा."

मी तेव्हाच पट्टी सोडून त्यांच्या हातात द्यायला हवी होती. दिली नाही, कारण मला ऐकायला माणसं हवी होती. ज्याच्यापुढे मांडव भरतो आणि मग ओस पडतो, त्याला विचारा ती भूक काय असते.

आणि लवूच्या घरी जाऊन त्याला सावध करायला हवं होतं. तेही केलं नाही, आणि इथे मला रीत आडवी आली. राखलेल्याचा उच्चार करायचा नाही, त्याच्यापाशीसुद्धा नाही. दोनदा मी त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो. नंतर कळलं, आगाशेबाई त्याच्याकडेही गेल्या होत्या आणि तोही माझ्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, येऊन परत गेला होता. दोन म्हातारे, एकाच रस्त्यावर, एकच गोष्ट सांगायला निघालेले, आणि दोघेही रीत पाळून गप्प.

बारी दुपारी तीनला ठेवली. त्या वेळी दुबई आणि सिंगापूर दोन्ही जागी असतात म्हणे. देवळाच्या आवारात मांडव, दोन्ही बुवांच्या डोक्यावर एकेक मोठा पडदा, आणि त्यावर आमच्या नाड्या. समोर पाचशे माणसं आणि पट्ट्यांमागे नऊ लाख.

पहिल्या दोन बाऱ्या झकास झाल्या. मी गायलो, "लवूबुवांची गाडी, ढकलूक लागता वाडी." लवूनं उत्तर दिलं, "घाडीबुवांचो गळो, पावसाळ्यातलो नळो, गळता खंय नि साचता खंय, तेंका नाय कळो." मांडव हसला. मीही हसलो. पण कानातला आवाज थंड होता. हसण्यानं काटा येत नाही, म्हणाला. श्रोते जातायत.

मग मागण्या सुरू झाल्या. पडद्याच्या कडेला त्या सरकताना दिसत होत्या. यंत्रानं लोकांना आधीच विचारून ठेवलं होतं, की हे दोघे एकमेकांचं काय लपवतायत, ओळखा पाहू. लोक लागले कामाला. कोणीतरी भांडुपहून लिहिलं, लवूला भाऊ होता. कोणीतरी दोह्याहून लिहिलं, तो पखवाज वाजवायचा. आमच्याच पंचक्रोशीतल्या कोणीतरी लिहिलं, ताप होता म्हणे त्याला. नाव न सांगता. त्या माणसाचं नाव मला आजही ठाऊक नाही, आणि त्याच्यासाठी तेच बरं आहे. दरवेळी 'भाऊ' शब्द सरकला की माझी नाडी उडायची, लवूची उडायची, आणि ते बघून नऊ लाखांची उडायची.

शेवटची बारी. आधी मी, मग लवू. म्हणजे शेवटचा शब्द त्याचा. मी पेटीवर सूर धरला आणि कानात आवाज आला.

"पुढच्या बारीत लवू पांचाळ तुमच्या घरातली सोडलेली गोष्ट गाण्याची शक्यता एकाहत्तर टक्के."

मी लवूकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पंच्यानं पेटी पुसत होता, आधीच पुसलेली. त्याच्या डोक्यावर आकडा होता एकशे सव्वीस. समोर मांडवात तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती, तिच्या शेजारी मुलगी आणि तो नाकवाला जावई. माझं राखलेलं त्यांनी इथे, नऊ लाखांबरोबर ऐकायचं? मला वाटलं, लवू फिरला. त्यालाही माणसं हवी आहेत. माझ्यासारखीच. भीती आणि राग एकदम आला, आणि आवाज मोकळा सुटला.

"भावाक इलो ताप, बुवा म्हणता ढोंग,
मेल्यार तेच्या नावान रडता, बघा ह्येचा सोंग."

माझ्या तोंडून ते एकदाच गेलं. पण आमच्यात बुवानं दिलेली ओळ कोरस उचलतो. काय ओळ आहे हे त्यांना कुठे ठाऊक? सवयीनं त्यांनी ती उचलली, एकदा, दोनदा, पखवाजवाल्यानं लय दुप्पट केली, चारदा, आठदा. मी हात वर केला तरी कोणाला दिसला नाही. मांडवात हसू नव्हतं. एक लांब श्वास ऐकू आला, पाचशे माणसांनी मिळून घेतलेला, आणि मग आरडाओरडा. पडद्यावर काटे धावत होते. सहा लाख. सात लाख दहा हजार. कानातला आवाज पहिल्यांदाच जरा गोड वाटला. "उत्तम," म्हणाला.

लवूचा पखवाजवाला लवूकडे बघत होता. सगळेच बघत होते. मी मान खाली घालून वाट बघितली. आता येऊ दे, म्हटलं. त्यानं गायलं असतं तर बरं झालं असतं हो. फिटलं असतं.

लवूनं कानातलं बोंडूक काढलं आणि पेटीवर ठेवलं. पट्टी सोडली. त्याच्या डोक्यावरचा आकडा शून्यावर गेला. मग त्यानं रूपाचा अभंग घेतला, जो सुरुवातीला गायचा असतो तो. विलंबित. गजर नाही, उत्तर नाही, माझं नावसुद्धा नाही. बारा मिनिटं गायला. नऊ लाखांतले चार हजार उरले, आणि मांडवातही खुर्च्या सरकायला लागल्या. त्या बारा मिनिटांत एकदाही त्याचा आवाज हलला नाही.

किटली आली. लवूनं पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला.

"येतंय," म्हणाला, आणि गेला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पुढचं तुम्ही केलंत. यंत्रानं माझ्या बारीतले अकरा सेकंद कापून काढले आणि सारख्या कातडीच्या माणसांकडे धाडले. शब्द कळत नसलेल्या देशांत ते आधी चाललं. कोणीतरी त्यावर नाच बसवला. 'भावाक इलो ताप' म्हणताना कपाळाला हात लावायचा आणि 'ढोंग' म्हणताना कोलमडून पडायचं. आमच्या शाळेतल्या चिल्लीपिल्लीसुद्धा पडतात. काटावाल्यांनी त्याला वर्षाचा मोठा शोध म्हटलं. बुवा, तुम्ही सापडलात, असं आगाशेबाई फोनवर म्हणाल्या.

"लवू गातलो म्हणान सांगल्यात," मी म्हटलं. "तो गावक नाय. खोटा बोललास तुम्ही."

"खोटं नाही, बुवा. शक्यता होती. तीच सूचना त्यांनाही गेली होती, की तुम्ही गाल. एकाहत्तर टक्के. एकाला सांगितलं की दुसऱ्याची शक्यता वाढते, दुसऱ्याला सांगितलं की पहिल्याची. तसं मॉडेलच आहे. आणि तुमच्या बाबतीत ते बरोबर निघालं ना?"

मी फोन ठेवला. म्हणजे पेटी पुसताना लवूच्या कानात हेच चाललं होतं. जनू गाणार. जनू गाणार. आणि त्याची नाडी माझ्या भीतीनं उडत होती.

त्याच दिवशी त्याच्याकडे गेलो. तो खळ्यात फणसाच्या फळीवर रंधा मारत होता. मला बघून थांबला नाही, पण पायानं एक पाट पुढे सरकवला. मी बसलो.

"लवू."

"बोल."

"तुझ्या कानातय सांगल्यान मा? मी गातलंय म्हणान?"

"सांगल्यान. एकाहत्तर टक्के."

"मगे तू कित्या नाय गायलंस? मी तर आधीच गाऊन बसललंय. तुका कोण काय बोललो नसतो."

त्यानं रंधा थांबवला. फळीवरचा भुसा हातानं झाडला.

"एकोणतीस उरतत मा," लवू म्हणाला. "एकतीस वर्सां तुझ्या वांगडा चाय पिलंय रे. माका एकोणतीस पुरे होते."

मला रडू आलं. त्याच्यासमोर आलं, लपवत नाही. माफी कशी मागायची ते सुचेना. माझं राखलेलं अजून त्याच्यापाशी आहे, आणि ते तिथेच राहणार. म्हणूनच ते मी या कागदावर सांडलं नाही.

"वासू," मी म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्याच्यासमोर घेतलं.

"पखवाज बरो वाजवी," लवू म्हणाला. "ता कोण गायत नाय."

तेवढ्यात खालच्या रस्त्यानं शाळेची गाडी गेली. आत मुलं आणि वर भोंगा. माझाच आवाज. भावाक इलो ताप. मुलं ओरडून साथ देत होती. लवू फळीकडे बघत बसला. त्याचा हात रंध्यावर घट्ट आवळलेला होता. माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं, मानेपासून मनगटापर्यंत केस न् केस उभा राहिला, आणि त्याच क्षणी मनगटावर काहीतरी बारीक थरथरलं आणि वाजलं. पट्टी. करारात वर्षभर बांधायचं ठरलं होतं, आणि ती हातावर आहे हे मी विसरूनही गेलो होतो. पट्टीवर हिरवा ठिपका लागला.

गाडी वळणाआड गेली.

"ह्या काय वाजला?" लवूनं विचारलं.

मी पट्टी उपटून काढली, पण काय वाजलं ते त्याला सांगावं लागलं.

"काटो मोजल्यान माझो," मी म्हटलं. "माका गाणा आवडला, असा म्हणता."

लवूनं माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यानं रंधा फळीवर टेकवला आणि काम सुरू केलं. मी जरा वेळ बसलो आणि उठून आलो. चहाचं त्यानं विचारलं नाही.